आधी वस्तीचा मंच, मग नाव : जलशापासून जयंतीपर्यंत आपले कलावंत कुठे घडले?

जयंती मंडळाच्या बैठकीत एक वाक्य दरवर्षी ऐकू येते. "आपल्याच पोरांचा कार्यक्रम ठेवला तर ऐकायला येणार कोण?" मग चर्चा मोठ्या गायकाच्या मानधनावर येते, तिथून डीजेच्या भिंतीवर येते, आणि वस्तीतली जी चार-पाच पोरे-पोरी वर्षभर कविता लिहितात, ढोलकी वाजवतात, पथनाट्य बसवतात, त्यांच्या वाट्याला "वेळ उरला तर बघू" एवढे आश्वासन येते. वेळ उरत नाही.

हे वाक्य बोलणारे कार्यकर्ते वाईट नसतात. वर्गणी गोळा करताना लोकांची बोलणी तेच खातात. पण त्यांच्या बोलण्यामागे एक समज असतो, की कलावंत आधी कुठेतरी तयार होतो, मोठा होतो, आणि नंतर आपण त्याला आपल्या मंचावर बोलावतो. आंबेडकरी चळवळीचा दीडशे वर्षांमागून चालत आलेला इतिहास याच्या नेमका उलट आहे. आपल्याकडे मंच आधी उभा राहिला आणि कलावंत त्यावर घडला. या लेखात आम्ही तेवढेच दाखवणार आहोत, आणि त्यातून आजच्या मंडळांकडे जी मागणी निघते तीही मांडणार आहोत.

सुरुवात एका न झालेल्या प्रयोगापासून करावी लागेल. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले. मराठी रंगभूमीचा जन्म म्हणून हीच तारीख पाठ्यपुस्तकात येते. भाव्यांच्या पाठीशी सांगलीचे संस्थानिक होते. वाडा होता, पैसा होता, बघायला बसलेला दरबार होता. त्यानंतर बारा वर्षांनी, १८५५ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिले. भट-भिक्षुक अडाणी कुणब्याला कसा नाडतो आणि शिक्षणाने त्याचे डोळे कसे उघडतात, हा त्याचा विषय. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राईज कमिटीकडे पाठवले. कमिटीने नाकारले. जोतीरावांच्या हयातीत ते रंगमंचावर आले नाही आणि छापून यायला १९७९ साल उजाडले. संहितेत दम नव्हता म्हणून असे झाले का? ज्याने वाचले आहे तो असे म्हणणार नाही. नाटकाला प्रेक्षकांपर्यंत नेणारी जागा ज्यांच्या ताब्यात होती त्यांना ते नको होते, एवढेच त्याचे कारण. गुणवत्ता असली की माणूस आपोआप पुढे येतो असे आजही सांगितले जाते. जोतीरावांपेक्षा जास्त गुणवत्ता कुठून आणायची, हा आमचा साधा प्रश्न आहे.

जोतीरावांनी मात्र यातून एक गोष्ट ओळखली होती. त्यांच्या शाळांच्या परीक्षा पुण्यात जाहीरपणे, लोकांसमोर होत. ज्या मुलींना अक्षर शिवू दिले जात नव्हते त्या शेकडो माणसांसमोर उभ्या राहून वाचत, उत्तरे देत. त्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. 'तृतीय रत्न'ही त्याच वर्षीचे. एकीकडे नाकारलेले नाटक, दुसरीकडे कोवळ्या वयाच्या मुलीचा पोचलेला निबंध. मुक्ताला वाचायला, बोलायला, लिहायला जागा मिळाली होती आणि ती जागा आपल्या माणसांनी उभी केली होती.

२४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुढे त्यातूनच सत्यशोधक जलसे उभे राहिले. तमाशाचा साचा गावकऱ्यांच्या अंगवळणी पडलेला होता : आधी गण, मग गौळण, मग बतावणी, शेवटी वग. सत्यशोधकांनी हा साचा मोडला नाही, त्यातला माल बदलला. गणात देवाऐवजी निर्मिकाचे, सत्याचे स्तवन आले. वगात सावकार आला, जोशीबुवा आला, लग्नात लुबाडला जाणारा शेतकरी आला. करणारे लोक शेतकरी होते. दिवसा औत, रात्री डफ. आम्ही समाजशास्त्र शिकताना 'सांस्कृतिक भांडवल' हा शब्द परीक्षेसाठी पाठ केला होता. या शेतकऱ्यांनी तो न ऐकताच ते भांडवल स्वतःसाठी उभे करून दाखवले होते.

आता आपल्या घरात येऊ. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. या काळात नाशिक, मुंबई, पुणे, नगर, खानदेश, विदर्भ अशा पट्ट्यात आंबेडकरी जलसे वाढले. त्यातले सगळ्यात ठळक नाव भीमराव कर्डक यांचे. नाशिक जिल्हा युवक संघाच्या नावाने त्यांचा जलसा उभा राहिला. 'युवक' या शब्दाकडे जरा थांबून बघा. ही कुणी नावाजलेली मंडळी नव्हती. अर्धशिक्षित, मोलमजुरी करणारी, रेल्वेत-गिरणीत नोकरी बघणारी पोरे होती. माझ्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणाल्याचे आपल्याकडे सगळेच सांगतात. हे सांगताना आपण कर्डकांची थोरवी सांगतो. पण त्या कौतुकाच्या आधी काय काय झाले असेल ते सांगत नाही. कुणीतरी या पोरांना पहिल्यांदा चावडीपुढे, महारवाड्यातल्या लिंबाखाली, चाळीच्या चौकात उभे राहू दिले. कुणीतरी गॅसबत्ती भाड्याने आणली, कुणीतरी त्यांच्या भाकरी थापल्या, आणि पहिल्या फसलेल्या प्रयोगालाही लोक उठून गेले नाहीत.

जलशात काय असे? मेलेले जनावर ओढू नका, मृतमांस खाऊ नका, वतनाच्या तुकड्यासाठी गावकीची गुलामी करू नका, पोरे शाळेत घाला, दारू सोडा. हे सगळे भाषणात सांगितले तर उपदेश वाटतो. फार्सात म्हातारा बाप आणि मुंबईहून आलेला पोरगा यांचे भांडण म्हणून आले की अख्खी वस्ती हसते, आणि हसता हसता बापाच्या जागी स्वतःला बघते. इथे नवोदित कलावंताची खरी शाळा होती. समोर बसलेली माणसे तो ज्या जगण्यावर बोलत होता ते जगणे जगत होती. खोटे बोलला की तिथल्या तिथे पकडला जायचा. सोंग जमले नाही तर पुढच्या रांगेतली म्हातारी सांगायची, असे नाही रे, गावकामगार असा बोलतो. शहरातल्या नाट्यशिक्षणाला ही म्हातारी कुठून मिळणार?

कर्डकांनी या साऱ्या अनुभवाचे पुस्तकही लिहिले, 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य'. ते १९७८ मध्ये आले. म्हणजे जलसा ऐन भरात होता त्यानंतर चाळीसेक वर्षांनी. त्या दरम्यान किती जलसाकार नावानिशी विसरले गेले असतील याचा हिशेब लागणे अवघड आहे. केरूबा गायकवाड, पतितपावनदास, अर्जुन भालेराव अशी काही नावे टिकली, कारण कुणीतरी ती लिहून ठेवली.

एक गोष्ट इथे लपवून चालणार नाही. या जलशांत बाईची भूमिका पुरुष करत. त्याला कारण होते. तमाशात आपल्याच समाजातल्या बायांना नाचवून पैसा आणि वासना दोन्ही वसूल केल्या जात होत्या. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळाचा पैसा चळवळीला देऊ केला तेव्हा बाबासाहेबांनी तो नाकारला, अशी हकिकत सांगितली जाते ती याच संदर्भात. बायांच्या अंगावरून मिळणारा पैसा नको, ही भूमिका स्वाभिमानाची होती. पण तिचा एक परिणाम असाही झाला की मंचच बायांसाठी बंद राहिला. सभेत, परिषदेत, सत्याग्रहात बाया पुढे होत्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून ते सप्रमाण दाखवले आहे. मात्र गाणे जात्यावर, पाळण्याशी, लग्नाच्या हळदीत राहिले. बाबासाहेबांवरच्या असंख्य ओव्या बायांनी रचल्या, आणि त्या रचणाऱ्यांचे कवी म्हणून नाव कुठल्या पत्रिकेवर छापून आले नाही. जलशाचा अभिमान बाळगताना हा हिशेबही बाळगला पाहिजे.

जलशाच्या शेजारीच दुसरा मंच तयार होत होता, जयंतीचा. पुण्यात १४ एप्रिल १९२८ ला जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची पहिली जाहीर जयंती केली असे मानले जाते. पुढे चाळीचाळीत, वाड्यावाड्यात जयंती सुरू झाली. रात्रीच्या कार्यक्रमात भजनी मंडळे, मग गायन पार्ट्या, मग कव्वालीचे सामने. आज ज्यांना आपण महाकवी म्हणतो ते वामनदादा कर्डक याच मंचाने दिले.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत आले तेव्हा अक्षरओळख नव्हती. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले, वाचता येईना, ती लाज मनाला लागली आणि मोठ्या वयात ते लिहायला-वाचायला शिकले, ही हकिकत आपल्याकडे प्रसिद्ध आहे. समता सैनिक दलात होते, कामगार वस्तीत राहत होते. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गाणे रचले, ते एका चित्रपटगीताच्या चालीवरचे विडंबन. म्हणजे आपल्या सगळ्यात मोठ्या कवीची सुरुवात दुसऱ्याच्या चालीवर, हौशी विडंबनाने झाली. आजच्या जयंती समितीने ते गाणे निवडले असते का? "काहीतरी ओरिजिनल आण, मग बघू" असे म्हणून परत पाठवले असते. पण समोरच्या कामगारांना ते आवडले, त्यांनी पुन्हा म्हणायला लावले, आणि माणसाला कळले की आपल्याला हे जमते. तिथून पुढची साठ वर्षे ते गावोगाव फिरले, हजारो गाणी लिहिली. निरक्षर म्हणून मुंबईत आलेला हा माणूस १९९३ मध्ये वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. मधली सगळी पायरी वस्तीच्या मंचाची आहे. तिथे विद्यापीठ, पुरस्कार, आकाशवाणी यातले काही नंतर आले असेल, आधी नाही.

जंगी सामन्यांचेही तसेच. एका बाजूला वामनदादा, दुसऱ्या बाजूला श्रावण यशवंते, आणि मध्ये रात्रभर बसलेली वस्ती. समोरच्याने टाकलेल्या सवालाला तिथेच जवाब जोडायचा. यात शब्दसंपत्ती वाढते, बुद्धचरित्र आणि चळवळीचा इतिहास तोंडपाठ होतो, गळा तयार होतो. सामन्याचा पुढे काही ठिकाणी वैयक्तिक टिंगलीचा खेळ झाला, बायकांवरून चावट बोलण्यापर्यंत गेला, हे आम्हाला मान्य आहे. पण तो दोष चालवणाऱ्यांचा. त्याच परंपरेतून विठ्ठल उमपांसारखा शाहीर आला. नायगावात वाढलेला हा माणूस देश-परदेशातले रंगमंच गाजवून २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळला आणि गेला.

अण्णाभाऊ साठ्यांचे उदाहरण थोडे वेगळे. वाटेगावहून आलेले, शाळेत दीड दिवस गेलेले अण्णाभाऊ मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले. तिथे त्यांनी कामगारांसाठी रचलेल्या पहिल्यावहिल्या रचनांमधला एक पोवाडा मच्छरांवरचा होता. हसू येईल, पण लेबर कॅम्पातल्या माणसाला रात्री पहिला शत्रू कोण हे ज्याला कळले त्याला पुढे दुसरे शत्रूही कळले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली तेव्हा अण्णाभाऊंनी त्याला लोकनाट्य म्हणून उभे केले. आणि २ मार्च १९५८ ला दादरच्या बंगाली क्लबच्या सभागृहात पहिले दलित साहित्य संमेलन भरले तेव्हा उद्घाटक म्हणून तेच होते. त्याच लेबर कॅम्पातून बाबूराव बागूल आले, ज्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चा. एका वस्तीतून एवढे निघाले याला पाण्याचा गुण म्हणायचे का? तिथे अभ्यासवर्ग होते, सभा होत्या, कलापथके होती, आणि कच्चे लिहिलेले ऐकवायला माणसे होती.

बाबासाहेबांनी स्वतः या गोष्टीकडे कसे पाहिले? औरंगाबादला १९५० मध्ये महाविद्यालय सुरू झाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. नागसेनवनात शिकायला आलेली मुले बहुतेक खेड्यातली, पहिली पिढी. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर केले. पुढे १९५६ मध्ये धम्मदीक्षेच्या निमित्ताने नागपुरातही त्याचा प्रयोग झाला. व्यावसायिक नट आणता आले नसते असे नाही. पण ज्यांच्या आजा-पणजांची कहाणी नाटकात होती ती पोरेच उभी राहिली, आणि दीक्षेला जमलेल्या लोकांनी ती पाहिली. आजच्या भाषेत सांगायचे तर लाखोंच्या कार्यक्रमाचा मंच कॉलेजच्या हौशी पोरांना दिला गेला.

मिलिंदच्याच वातावरणातून १९६७ मध्ये 'अस्मिता' नियतकालिक आले, ते लवकरच 'अस्मितादर्श' झाले आणि गंगाधर पानतावणे सरांनी ते जवळजवळ पन्नास वर्षे चालवले. नियतकालिकाबरोबर लेखक-वाचक मेळावे होत. हे मेळावे आजच्या तरुणांना नीट समजावून सांगायला हवेत. तिथे नाव झालेला लेखक आणि काल पहिली कविता लिहिलेला प्राथमिक शिक्षक एकाच पंगतीत जेवत. नवख्याला कविता वाचायला मिळे, आणि वाचल्यावर कुणीतरी कोपऱ्यात घेऊन सांगे की दुसरे कडवे काढून टाक. हे काढून टाक म्हणणारे माणूस भेटणे हा लिहिणाऱ्याच्या आयुष्यातला मोठा योग असतो. मराठीतल्या प्रस्थापित मासिकांकडून तेव्हा 'साभार परत' यायचे, कारण न कळता.

१९७२ मध्ये दलित पँथर आली, त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. कविता पुन्हा सभेत, मोर्चात, इराण्याच्या हॉटेलात वाचली जाऊ लागली. प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' ही १९७७ ची एकांकिका : दोन पात्रे, नेपथ्य जवळजवळ नाही. विहाराच्या ओट्यावर होते, शाळेच्या वर्गात होते. कमी खर्चात कुठेही करता येणारी संहिता नवोदितांच्या हाती किती मोठे हत्यार असते ते या एकांकिकेच्या प्रवासाने दाखवले.

कॅसेटचा जमाना आला आणि चित्र पालटू लागले. भीमगीते घराघरात, टपरीवर, एसटी स्टँडवर पोचली, हे मोठेच काम झाले. पण त्याबरोबर दोन गोष्टी घडल्या. गायकाचे नाव मोठे झाले आणि गीतकाराचे नाव कव्हरच्या मागे बारीक अक्षरात गेले, कधी गेलेच नाही. वामनदादा शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत, जुन्या शाहिरांसारखे; ती नुसती रीत नव्हती, ती पोटच्या पोरावर केलेली खूण होती. दुसरी गोष्ट, श्रोता घरी बसला. तयार गाणे विकत मिळाले की शेजारचा पोरगा ऐकायला कोण येईल? आजचा डीजे हे त्याच वाटेवरचे शेवटचे टोक. त्यात गाणाराही नको, वाजवणाराही नको. फक्त भाडे हवे.

आम्ही डीजेच्या विरोधात नैतिक व्याख्यान देणार नाही. वर्षभर मान खाली घालून काम करणाऱ्या पोराला एक दिवस रस्ता आपला वाटतो, त्या आनंदाला नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. गणपतीत चालते आणि जयंतीत मात्र ध्वनिप्रदूषण आठवते, हा दुटप्पीपणाही आम्हाला दिसतो. आमचा आक्षेप वाटपाला आहे. ज्या मंडळाकडे स्पीकरच्या भिंतीसाठी पैसे आहेत त्याच्याकडे वस्तीतल्या शाहिरी पथकाला डफ-ढोलकीचे भाडे द्यायला पैसे नसतात, हे कसे? आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तिथे एका मुलीने सावित्रीमाईंवर एकपात्री बसवली होती. चार महिने तयारी. कार्यक्रमाच्या रात्री सात पाहुण्यांचे सत्कार झाले, शाल-श्रीफळ झाले, नगरसेवक उशिरा आले म्हणून भाषणे पुन्हा झाली. दहाला आवाज बंद करायचा नियम, पावणेदहाला तिचे नाव पुकारले. पाच मिनिटांत आटप म्हणाले. तिने आटपले. त्यानंतर तिने काही बसवलेले नाही. कार्यक्रम मात्र उत्तम झाला असे सगळे म्हणाले.

"दर्जा" हा मुद्दा इथे हमखास येतो. नवख्यांचे काम कच्चे असते, लोक कंटाळतात. खरे आहे, कच्चे असते. पण पिकणार कुठे? ज्यांच्या घरात पेटी होती, ज्यांच्या काकांचे नाट्यसंस्थेत वजन होते, ज्यांना गुरुजी घरी येऊन शिकवत होते, त्यांच्या मुलांचा कच्चेपणा चार भिंतीआड संपतो. बाहेर येतात तेव्हा ती तयार दिसतात आणि आपण त्याला उपजत प्रतिभा म्हणतो. आपल्या पोरांना असे आड नाही. त्यांना चार लोकांसमोरच चुकावे लागते. मग ते चार लोक आपले असावेत, हसले तरी पुन्हा बोलावणारे असावेत, एवढेच मागणे आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : गाण्याबजावण्याने काय होणार, राजकारण करा. याला उत्तर म्हणून ११ जुलै १९९७ आठवा. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, दहा माणसे मारली गेली. त्यानंतर काही दिवसांत विलास घोगरे या शाहिराने आत्महत्या केली. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' त्यांच्यापासून सुरू होतो आणि पुढे कबीर कला मंचाच्या तरुण शाहिरांपर्यंत येतो. या तरुणांना पुढे तुरुंग बघावा लागला. गाण्याने काही होत नसते तर सत्तेने त्याची एवढी दखल कशाला घेतली असती? आणि घोगऱ्यांच्या जाण्याने आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो आम्हाला जास्त टोचतो. चळवळ शाहिराला मंचावर बोलावते, मंचावरून उतरल्यावर तो कुठे जातो, काय खातो, हे विचारते का?

चेन्नईत अलीकडे जे घडले ते आपल्या तरुणांनी अभ्यासावे. पा. रंजित यांच्या नीलम सांस्कृतिक केंद्राच्या पुढाकाराने जानेवारी २०१८ मध्ये 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या बँडचा पहिला कार्यक्रम झाला. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांत मयताला गायले जाणारे 'गाना' हे गाणे, परई हे हलके मानले गेलेले वाद्य, सोबत रॅप आणि गिटार. एकोणीस कलावंत, त्यातले कितीतरी तोवर वस्तीबाहेर कुणाला माहीत नव्हते. अरिवूसारखा तरुण तिथून देशभर पोचला. सिनेमात नाव कमावलेल्या दिग्दर्शकाने आपला पैसा आणि वजन नवख्यांच्या पाठीशी लावले, यात शिकण्यासारखे आहे. आपल्याकडे यश मिळालेला माणूस जयंतीला प्रमुख पाहुणा होतो आणि हार घेऊन जातो.

मोबाईलने काही दारे उघडली हेही खरे. कडूबाई खरात एकतारी घेऊन दारोदार, बाजारात गात होत्या. कुणीतरी फोनवर चित्रण केले आणि महाराष्ट्राने त्यांना ओळखले. पण त्याआधीची कित्येक वर्षे त्या गातच होत्या ना? आवाज तोच, गाणे तेच. शेजारच्या विहारातल्या माईकपर्यंत येण्याआधी त्यांना जगभर फिरणारा व्हिडिओ लागला. शंभर वर्षांपूर्वी जलशात बाईला जागा नव्हती त्याला निदान एक कारण होते. आता कोणते कारण आहे?

म्हणून मंडळांशी आम्ही काही व्यवहाराचे बोलतो. संध्याकाळी सात ते आठ हा वेळ नवोदितांचा ठेवा. शेवटचा नको, पहिलाही एकदम नको, खुर्च्या भरल्यावरचा. प्रमुख पाहुण्यांनी त्या तासात समोर बसावे, नंतर बोलावे. साउंडवाल्याला आदल्या दिवशी सांगा की या मुलांनाही माईक तपासायला वेळ द्यायचा आहे. पहिल्यांदा गाणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा माईकच मारतो. मानधन द्या, कमी का असेना, पाकिटात घालून, नाव लिहून. पत्रिकेवर गीतकाराचे नाव गायकाइतक्याच अक्षरात छापा. चित्रण करून ठेवा आणि तारीख लिहा, म्हणजे चाळीस वर्षांनी कुणाला आठवणींवर पुस्तक लिहावे लागणार नाही. विहारात महिन्यातून एक संध्याकाळ कच्चे ऐकवण्यासाठी मोकळी ठेवा, वंदनेनंतर तासभर, भाषण कुणाचेच नाही. चित्र काढणाऱ्यांसाठी विहाराची एक भिंत पुरते, दोरी आणि चिमटे पुरतात.

केवळ स्तुतिगीतांवर थांबू नका, असे मात्र त्या पोरांना सांगावे लागेल. जलशाने बापाशी भांडण केले होते, स्वतःच्या वस्तीतल्या दारूवर बोट ठेवले होते. आज कुणी मंडळाच्या हिशेबावर, पोटजातींतल्या रोटी-बेटीवर, घरात बायकोवर हात उगारणाऱ्या 'जयभीमवाल्या'वर पथनाट्य आणले, तर त्याला मंच देण्याची आपली तयारी आहे का? समितीतल्या एखाद्याला ते झोंबेल. झोंबू द्यावे.

जयंतीच्या बैठका बहुतेक ठिकाणी फेब्रुवारीत सुरू होतात. वर्गणीचे आकडे ठरण्याआधी, पहिल्याच बैठकीत हा विषय घ्या. दुसऱ्या बैठकीपर्यंत डीजेवाल्याची आगाऊ रक्कम गेलेली असते.